चंद्रावरच्या लोकांना मूठभर मेथी

आमच्या घरी रेडिओ होता, पण तो नीट ऐकायला मला कधीच मिळाला नाही. तो बंद असायचा असं नाही. ओसरीच्या कोनाड्यात, आईने दोऱ्याची फुलं काढलेल्या रुमालाखाली तो रोज संध्याकाळी चालू असायचा. पण त्याच्यासमोर बसलेली माणसं त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलायची. बाबांनी तो अमरावतीहून बाजारभाव ऐकायला आणला होता. भाव लागले की बाबा म्हणायचे, "खोटं सांगून राह्यला लेकाचा," आणि मग आमच्या आळीत कोणाच्या वांग्याला काय भाव मिळाला ते आधीपासून सांगायला लागायचे. तेवढ्यात भाव संपून जायचे.

आम्ही वलगावला भाजीपाला करायचो. दुपार उतरली की वावरातून मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक काढून आणायचा, पाणी मारून ओल्या पोत्याखाली झाकायचा आणि संध्याकाळी ओसरीवर बसून जुड्या बांधायच्या. पहाटे बाबा सगळा माल अमरावतीच्या बाजारात नेत. जुड्या बांधायला अंबाडीचा वाख भिजवून ठेवलेला असायचा. त्याचा ओला, आंबूस वास, पोतं झटकल्याचा आवाज, आणि आतून आईच्या चुनाला, म्हणजे पिठल्याला, दिलेल्या लसणाच्या फोडणीचा चर्र आवाज, हे सगळं आठवलं की मला आधी रेडिओच आठवतो. चौथी पास झाल्यावर माझं नाव शाळेतून काढलं होतं. जुड्या बांधायला हात पाहिजेत, असं बाबा म्हणाले आणि मी काही बोलले नाही. मी तेव्हाही काही बोलत नसे. आळीतल्या बायांमध्ये लिहिता येणारी मी एकटीच, म्हणून सगळ्यांची पत्रं मात्र माझ्याकडे यायची.

त्या ओसरीवर चौघंजण नक्की असायची. बाबा, आई, शेजारची सुमित्राकाकू आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा तिला बाई म्हणत. अचलपूरकडच्या एका गावी तिला दिलं होतं, पण मला समजायला लागल्यापासून ती आमच्याकडेच होती. का, ते कोणी सांगत नव्हतं आणि मी विचारत नव्हते. घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला आणि बियाणं तिच्या ताब्यात. वांग्याचं, भेदराचं म्हणजे टमाट्याचं, दोडक्याचं बी ती राखेत घोळून वाळल्या भोपळ्यांत भरायची आणि ते भोपळे आढ्याला टांगायची. त्यांना दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला चालत नसे.

तर त्या उन्हाळ्यात रेडिओवर दर गुरुवारी संध्याकाळी एक गोष्ट लागायला लागली. अंतराळातली. बियाणं घेऊन एक यान दूरच्या वस्तीकडे निघालेलं असतं आणि वाटेत बिघडून एका बर्फाळ चंद्रावर पडतं. आत तिघंजण. नंदन नावाचा तरुण, डॉक्टर शैला आणि यंत्रं सांभाळणारा एक म्हातारा, त्याला सगळे दाजी म्हणत. त्यांना शोधायला कोणी येईपर्यंत त्यांनी जिवंत राहायचं, एवढीच ती गोष्ट. बाहेर वारा नाही, आवाज नाही, म्हणून रेडिओवाले मधूनमधून नुसतं श्वास घेतल्याचा आवाज ऐकवायचे. तो आवाज आला की माझ्या हातातली जुडी तशीच राहायची. मला वाटायचं, मीच तिथे बसले आहे. आणि बरोबर त्याच वेळी सुमित्राकाकू बोलायची.

"चंद्र का दोन दोन रायतेत का व?"

"थो येगळा हाये, काकू. दुसऱ्या ग्रहाचा," मी हळूच सांगायची.

"मंग त्यायची अमावस्या कवा रायते?"

बाबांचं वेगळंच. "सारीकडं बरफ हाये म्हने. मंग पान्याची बोंब काहून मारून राह्यले? चूल पेटवा, बरफ वितळवा."

"तिथं हवा नाई, बाबा. चूल पेटत नाई."

"हवा नाई तं मंग हे बोलून कसे राह्यले?"

आईला बाकी कशाचं काही नव्हतं. तिला एकच काळजी. "तिघाईत एकटीच बाई हाये वो. सारा सयपाक तिच्याच आंगावर असंन."

"आई, थे डाक्टर हाये."

"असंन. म्हून का थे दोघं भाकरी थापनार हायेत?"

यावर काकू खो खो हसायची, बाबा म्हणायचे, "तो दाजी पाय कसा कण्हून राह्यला, त्याले काढा द्या कोनी," आणि तेवढ्यात गोष्टीतलं काहीतरी महत्त्वाचं घडून जायचं. कोणीतरी दार उघडलेलं असायचं, कोणीतरी ओरडलेलं असायचं, आणि का ते मला पुढच्या गुरुवारपर्यंत कळायचं नाही. पुढच्या गुरुवारीही कळायचं नाही, कारण सुरुवातीला मागची गोष्ट थोडक्यात सांगत तेव्हा काकू घरून यायची आणि "कुठलोक आली?" असं विचारत पोत्यावर टेकायची.

परवा माझी नात जुई अकोल्यात माझ्याजवळ बसून मोबाइलवर अशीच एक गोष्ट ऐकत होती. कानात घालायच्या दोन बोंडांतलं एक तिने मला दिलं. कोणी एक माणूस एकटाच कुठल्या ग्रहावर अडकलेला. छान सांगत होते. मग तिने खाली लोकांनी काय काय लिहिलं आहे ते वाचून दाखवलं. एकाने लिहिलं होतं, हा माणूस मूर्ख आहे, मी असतो तर असं केलं असतं. दुसऱ्याने लिहिलं होतं, त्याच्या बायकोचा आवाज आवडला नाही. तिसऱ्याने विचारलं होतं, याला जेवायला कोण देतं. जुई हसत होती. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं गेली, आणि आमची ओसरी अजून उठलेली नाही.

आत्या मात्र त्या गुरुवारांत बोलत नसे. ती मान खाली घालून जुड्या बांधायची. यानात काय काय बियाणं भरलं आहे ते एकदा डॉक्टर शैला मोजून सांगत होती, गहू, हरभरा, मेथी, वांगी, तेव्हा आत्याने पहिल्यांदा मान वर केली आणि विचारलं, "कोनासाठी नेऊन राह्यले?"

"दूर एक वस्ती हाये, आत्या. तिथल्या लोकाईले पेरायले."

"मंग जपा म्हना," एवढंच ती म्हणाली.

पण त्यांचं खाणं संपत आलं. दाजीला ताप भरला. नंदन म्हणायला लागला की बियाणं शिजवू, आपण जगलो तर पुढचं पुढे. डॉक्टर शैला नाही म्हणत होती, मग तिचाही आवाज बारीक होत गेला. त्या गुरुवारी सगळी ओसरी पहिल्यांदा गप्प होती. काकूसुद्धा. रेडिओतून बी भांड्यात ओतल्याचा आवाज आला. सर्रकन.

"हरबरा हाये," आत्या म्हणाली.

"वाटाना असंन," काकू म्हणाली.

"हरबराच हाये." आत्या उठली. हातातला ओला वाख तिने कोनाड्याच्या कडेवर ठेवला आणि रेडिओचं बटण पिळलं. मग रुमालासकट रेडिओ उचलून ती आत गेली. तिच्या पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं, कुलूप वाजलं, आणि ती परत येऊन जुडी बांधायला बसली. "बी खानाऱ्याचं या घरात आयकाचं नाई," ती म्हणाली. आत्याने एकदा ठरवलं की बाबाही बोलत नसत. बाजारभावसुद्धा त्या दिवसापासून बंद झाले.

माझा किती जीव चडफडला ते सांगता येत नाही. नंदनने खाल्लं का? दाजी वाचला का? मी भांडू शकत नव्हते, म्हणून मला जमलं ते केलं. चुनात मीठ जास्त टाकलं. आत्याने ते न बोलता खाल्लं आणि वरून पाणी प्यायली. पुढच्या गुरुवारी मी घासलेटची बाटली घेऊन एस.टी. थांब्याकडे निघाले, कारण तिथल्या चहाच्या टपरीवर रेडिओ होता. टपरीसमोर पोरीबाळींनी उभं राहायची रीत नव्हती, म्हणून मी चालतच राहिले, होता होईल तेवढं हळू. जाताना नंदनचा आवाज आला, "शैला, तू आधी," आणि येताना नुसतं संगीत. "शैला, तू आधी" काय? खा? जा? मर? आठवडाभर मी त्या तीन शब्दांवर जुड्या बांधल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी घासलेट लागत नव्हतं, तरी मी बाटली उचलली, आणि आई म्हणाली, "कालच तं आनलं व."

शेवटी सुमित्राकाकूच ओसरीवर येऊन बसली. तिला गोष्टीचं काय, तिला संध्याकाळी बोलायला निमित्त उरलं नव्हतं. ती आत्याला म्हणाली, "गंगाबाई, काहाडा वो थो डब्बा. किती दिवस झाले. मेले का जगले ते तं कळू द्या."

"मले नाई आयकाचं."

"मंग काय कराचं होतं त्याईनं, बाई?" बाबांनी इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. "उपाशी मराचं होतं?"

"मरा म्हनते का मी?" आत्या म्हणाली. "मांगाचं होतं."

"कोनाले मांगाचं? तिथं कोन हाये?"

आत्या थोडा वेळ वाख पिळत राहिली. आमच्या आळीत एक रीत होती. कोणाचं बी उंदरांनी खाल्लं, ओल लागून गेलं, तर त्या घरची बाई दिवेलागणीला दुसऱ्याच्या दारात पदर पसरून उभी राहायची. बोलायची नाही. त्या घरच्या बाईने मूठभर बी पदरात टाकायचं, तिनेही बोलायचं नाही. दहा-बारा घरं फिरली की एका वाफ्याची सोय व्हायची. याला आम्ही मूठ म्हणायचो. मूठ मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, आणि ती परत करायचीही नसते.

"माह्या सासरी मूठ मांगू देल्ली नाई," आत्या म्हणाली. ती कोणाकडे बघत नव्हती. "सासू म्हने, आपल्या घरची बाई कोनाच्या दारात उभी नाई रायनार. त्या सालचा बियान्याचा हरबरा शिजवला आमी. चूल मीच पेटवली. पुढच्या साली पेराले काई नोतं, वावर तसंच पडलं. मालक कामाले म्हून गेले थे आलेच नाई. मंग सासू म्हने, इनंच शिजवला, इच्याच हाताले बरकत नाई. मले इथं आनून सोडलं." तिने जुडी बांधली आणि बाजूला ठेवली. "भांड्यात पडला तसा समजला मले. हरबराच होता."

बाबा खाली मान घालून पोतं झटकायला लागले, झटकलेलंच पोतं.

मग आत्या माझ्याकडे वळली. "इमल, कागद घे. रेडिओवाल्याईले पत्र लिही. पत्र टाकलं का पेटी उघडते मी."

मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण पत्र कशाचं ते कळल्यावर कागद आणायला उठलेली मी तशीच खाली बसले. आत्याने आढ्यावरचे भोपळे खाली काढले होते. मेथीचं, सांबाराचं आणि वांग्याचं, प्रत्येकी मूठभर बी घेऊन ती जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत पुरचुंड्या बांधत होती. काकू घरी जाऊन आपल्या दोडक्याचं बी घेऊन आली. हे सगळं लिफाफ्यात घालायचं आणि वर माझ्या हाताने लिहायचं! रेडिओवर रविवारी श्रोत्यांची पत्रं वाचत. माझं नाव, वलगावचं नाव, आणि चंद्रावरच्या लोकांना मेथी. सगळ्या वऱ्हाडात हसू होईल.

"आत्या," मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "थे खरं नाई व. गोष्ट हाये नुसती. कोनी पडलं नाई तिथं."

"मले का बयताड समजतं का पोट्टे?" आत्या म्हणाली. "गोष्ट हाये थे मालूम हाये मले. पन गोष्ट लिहिनाराले मालूम नाई दिसत का मांगता येते म्हून. त्याले सांगाव लागंन."

मी कागद घेऊन बसले.

पत्र लिहायला दोन संध्याकाळी गेल्या, कारण प्रत्येकाला काहीतरी घालायचं होतं. बाबा म्हणाले, बाजारभाव जरा सावकाश सांगा असं लिही. आई म्हणाली, त्या दोघा माणसांना कामाला हात लावायला सांग. काकू म्हणाली, अमावस्येचं विचार. मी सगळ्यांना हो म्हणाले आणि त्यातलं काही लिहिलं नाही. हातात लेखणी असली की एवढं करता येतं, हे मला त्या दिवशी समजलं. मी लिहिलं, "आपल्या गोष्टीतील माणसांनी बी खाऊ नये. त्यांनी मागावे. आमच्याकडे मागितले की देतात. सोबत आमच्या आळीची मूठ पाठवीत आहोत." आत्याने ते तीनदा वाचून घेतलं. मग मी खाली, तिला न वाचून दाखवता, एक ओळ घातली. "आमचा रेडिओ सध्या बंद आहे, तरी पुढे काय झाले ते कृपा करून कळवावे."

पत्र टाकलं त्या दिवशी गुरुवार होता. आत्या शब्दाला पक्की. संध्याकाळी तिने पेटी उघडली, रेडिओ कोनाड्यात ठेवला आणि स्वतः बटण पिळलं. काकू आज वेळेवर आली होती. काही आवाज आला नाही. बाबांनी थापट मारली, कानाजवळ धरून हलवला, मग मागचं झाकण काढलं. त्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या पेटीत, आतल्या आत सेल फुटून पाझरले होते. हिरवट पांढरं काहीतरी सगळ्या तारांवर साचलं होतं. सेल काढून ठेवायचे असतात हे आत्याला कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी सांगायचं ते बाबा पंधरा दिवस तिच्याशी बोलायला घाबरत होते, आणि जिला सांगता आलं असतं ती मी मीठ टाकण्यात गुंतलेली.

"काऊन बोलून नाई राह्यला?" आत्याने विचारलं.

जिथे बोलायला पाहिजे तिथे आमच्या घरात कोणी बोलत नसे. एरवी मात्र रेडिओही ऐकू द्यायचे नाहीत.

अमरावतीचा दुरुस्तीवाला बाबांना आठ दिवस म्हणाला आणि महिना लावला. रेडिओ परत आला त्या गुरुवारी मी चुलीवरचं सगळं टाकून ओसरीवर येऊन बसले. कोणी एक गृहस्थ संत्र्याच्या झाडावरच्या किडीची माहिती सांगत होते. गोष्ट संपली होती. टपरीवर बसणाऱ्या माणसांना बाबांनी विचारलं, तर एक म्हणाला तिघंही वाचले, दुसरा म्हणाला दाजी गेला, आणि तिसरा म्हणाला मधेच बंद केली. काकूने तर मनाचाच एक शेवट तयार केला आणि त्यात नंदनचं आणि शैलाचं लग्न लावून दिलं. तो शेवट ती पुढे कितीतरी वर्षं, प्रत्यक्ष ऐकल्यासारखा, सांगत होती.

मग एक दिवस पोस्टकार्ड आलं, माझ्या नावाचं. मी ते हातात घेऊन आधी परसात गेले. छापील कार्ड होतं. "आपले पत्र मिळाले. कार्यक्रम आवडीने ऐकत असल्याबद्दल आभारी आहोत." झालं. एवढ्यासाठी मी आठवडा आठवडा वाटेकडे डोळे लावून बसले होते. शेवट काय झाला त्याचं अक्षर नाही. कार्ड फाडून टाकणार होते, तर खाली कोपऱ्यात निळ्या शाईने, बारीक अक्षरात कोणीतरी लिहिलेलं दिसलं. सही नव्हती. "मेथी कार्यालयामागे पेरली. उगवली आहे."

ओसरीवर येऊन मी ते आत्याला वाचून दाखवलं. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं. काकू म्हणाली, "पाय बाप्पा!" आत्याने कार्ड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "दाट पेरली असंन त्याईनं. शयरातले लोक. लिही त्याईले, इरळनी करा म्हना, नाई तं पिवळी पडन."

मी लिहिलं. याही पत्राखाली माझी एक ओळ घातली, "नंदनचे काय झाले?" त्याला उत्तर आलं नाही. तिसरं पत्र लिहायची मला लाज वाटली, आणि पुढे लग्न होऊन मी अकोल्याला आले.

जुईला मी परवा सांगितलं की अशी अशी एक गोष्ट होती, तुझ्या मोबाइलात शोध. तिने पुष्कळ शोधली. नाही मिळाली. नाव मला आठवत नाही, कारण नाव सांगत तेव्हा काकू यायची. जुई म्हणाली, "आजी, शेवट काय असंल असं तुला वाटते?" आत्याचा मला अजून राग येतो, खोटं कशाला लिहू. पण तिने बटण पिळलं तेव्हा हरभरा भांड्यात नुसता पडला होता. पाणी अजून उकळलं नव्हतं.